शंका तुमच्या, उत्तरे आमची : मार्क गेले ते कशाने?

दुसऱ्या सत्राच्या परीक्षा जवळ आल्या की इंग्रजीच्या पत्रांचा गठ्ठा वाढतो. या वेळी नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे आठवी ते दहावीच्या श्रवण आणि वाचन चाचण्यांबद्दल आहेत. सारख्या शंका एकत्र करून उत्तरे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

नववीत ५२ मुले, मराठी माध्यम. भाषा प्रयोगशाळा वगैरे काही नाही. माझा मोबाइल आणि एक ब्लूटूथ स्पीकर एवढेच साधन. दरवर्षी मी पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचून दाखवते आणि त्यावर प्रश्न विचारते. मुले पटापट उत्तरे देतात. पण बाहेरचे कुणी इंग्रजीत दोन वाक्ये बोलले की वर्ग गप्प. चाचणी कुठे चुकते आहे? – शिक्षिका, काटोल

ताई, चाचणी पहिल्याच पायरीवर चुकते आहे. पुस्तकातला उतारा मुलांच्या डोळ्यांखालून गेलेला असतो, त्यामुळे तुम्ही तपासता ती त्यांची आठवण. शिवाय आवाज तुमचा. तुम्ही कुठे थांबता, कोणत्या शब्दावर जोर देता, उत्तराचे वाक्य आले की कशी नजर वर करता, हे सगळे मुलांना वर्षभरात पाठ झालेले असते. आणि तिसरी गोष्ट, जी सहसा लक्षात येत नाही: पुस्तकातले वाक्य डोळ्यांसाठी लिहिलेले असते. लांब वाक्यात डोळा मागे जाऊ शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून ऐकण्यासाठीचा मजकूर वेगळा लिहावा लागतो आणि तो रेकॉर्ड करावा लागतो. रेकॉर्डिंगचा आणखी एक फायदा म्हणजे 'अ' तुकडीने जे ऐकले तेच 'ब' तुकडीने ऐकले, याची खात्री.

मजकूर लिहिताना आधी ठरवा की ऐकणाऱ्याला हे कशासाठी ऐकायचे आहे. बसची घोषणा असेल तर वेळ आणि फलाट. फोनवरचे बोलणे असेल तर कुठे आणि किती वाजता भेटायचे. हे कारण मुलांना ऐकण्याआधी एका ओळीत सांगा, लागल्यास मराठीत. विनाकारण कुणी काही ऐकत नसते.

एक नमुना जवळून पाहू. दोन मुले रमण विज्ञान केंद्रात जायचे ठरवत आहेत. मुलगी विचारते, "शॅल वी मीट अ‍ॅट टेन?" मुलगा म्हणतो, "टेन? माय ट्यूशन गेट्स ओव्हर अ‍ॅट टेन. मेक इट हाफ पास्ट." मुलगी म्हणते, "ओके. अ‍ॅट द बस स्टॉप?" "नो, देअर्स नो शेड देअर. कम टु द मेन गेट." प्रश्न दोनच: किती वाजता, आणि कुठे. पर्यायांत १०, १०.३० आणि ११ ठेवा. ज्याने नुसते शब्द टिपले तो १० वर खूण करतो, कारण 'टेन' तीनदा ऐकू आले आणि 'टेन थर्टी' एकदाही नाही. ज्याला बोलणे कळले तोच १०.३० लिहितो. चांगल्या श्रवणप्रश्नाचा मर्म इथे आहे: उत्तर मजकुरातून निघाले पाहिजे, पण त्याच शब्दांत कानावर पडता कामा नये. आणि चुकीचे पर्यायही ऐकू आलेल्या गोष्टींतूनच यावेत. 'बस स्टॉप' हा चांगला पर्याय, 'रेल्वे स्टेशन' हा वाया गेलेला.

पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतल्या माहितीवर प्रश्न ठेवू नका. तेवढा वेळ कान आवाजाला सरावण्यातच जातो. प्रश्नांचा क्रम मजकुराच्या क्रमानेच हवा. एका उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंत निदान पंधरा-वीस शब्दांचे अंतर ठेवा, नाहीतर पहिले लिहिता लिहिता दुसरे निघून जाते आणि मग मार्क जातात ते लिहिण्याच्या वेगामुळे.

वेगाबद्दल. रोजच्या बोलण्यात इंग्रजी मिनिटाला साधारण १५० शब्दांनी चालते. नववीसाठी १०० ते १२० ठीक, म्हणजे दोन मिनिटांच्या तुकड्यात २०० ते २४० शब्द. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये परभाषिक श्रोत्यांसाठी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केले, तेही नेहमीच्या बातम्यांपेक्षा साधारण एकतृतीयांशाने संथ आणि सुमारे १५०० शब्दांच्या साठ्यात. पण संथ करणे म्हणजे शब्द ताणणे नव्हे. "आय – अ‍ॅम – गोइंग – टु" असे सुटे सुटे म्हटले की बोललेली इंग्रजीच नाहीशी होते. शब्दांचा गट नेहमीच्या ओघातच बोला, आणि दोन गटांच्या मध्ये थांबा.

२० गुणांच्या चाचणीची एक रचना सुचवतो. आधी पाच सुटी वाक्ये, प्रत्येकाला तीन चित्रांपैकी एक निवडायचे. मग एक घोषणा, त्यातून तक्त्यातल्या पाच रिकाम्या जागा भरायच्या. त्यानंतर दोघांचे संभाषण, सहा प्रश्न. शेवटी नकाशावर चार ठिकाणे शोधायची, "गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट आफ्टर द टेम्पल" अशा धर्तीवर. सगळे मिळून पंधरा ते अठरा मिनिटांत आटोपते. वाक्ये, घोषणा आणि संभाषण दोनदा वाजवा. नकाशा एकदाच, कारण रस्ता सांगणारा माणूस वाक्याच्या मध्ये थांबतोच. जपानच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेतही २०२१ पासून काही प्रश्न दोनदा आणि काही एकदाच ऐकवतात, तेव्हा असे मिश्रण काही जगावेगळे नाही.

रेकॉर्डिंगला दोन वेगळे आवाज घ्या, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. एकाच आवाजात दोघांचे संभाषण वाचले की कोण काय म्हणाले याचाच घोळ होतो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर 'प' आणि 'ब' फुटतात. रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा घरातली गादी, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली खोली बरी. पंखा बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचे: थांबण्याच्या जागा रेकॉर्डिंगमध्येच घाला. प्रश्न वाचायला ३० सेकंद, दोन प्रश्नांत १० सेकंद, पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये ३० सेकंद. पर्यवेक्षकाने फक्त एकदा बटण दाबायचे. त्याच्या हातात थांबवायचे-चालवायचे दिले की एका वर्गाला १० सेकंद मिळतात आणि दुसऱ्याला ४०.

संगणकाने तयार केलेला आवाज चालेल का, असे दोघांनी विचारले आहे. घोषणेसाठी चालेल. संभाषणासाठी टाळा, कारण "टेन?" मधला प्रश्नार्थक सूर त्याला हवा तसा काढता येईलच असे नाही. आणि वापरलाच तर सीताबर्डी, वाडी, मानेवाडा ही नावे तो कशी उच्चारतो ते आधी ऐकून घ्या.

आमच्याकडे मार्चपासून सकाळची शाळा लागते आणि वर्गात कूलर सुरू होतो. श्रवण चाचणीनंतर मागच्या बाकांवरची मुले म्हणतात, ऐकूच आले नाही. स्पीकर आणखी मोठा घ्यावा का? – पर्यवेक्षक, नंदनवन, नागपूर

स्पीकर मोठा घेऊन हे सुटणार नाही, कारण त्यासोबत खोलीतला घुमाराही वाढतो. बोलणे नीट कळायला ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावे लागते, असा वर्गखोल्यांसाठीचा सर्वमान्य दंडक आहे. डेझर्ट कूलर खिडकीत घरघरत असताना त्याच्या जवळच्या बाकावर हे होणे शक्य नाही. मातृभाषेत एखादा शब्द बुडाला तर मन तो स्वतःच भरून घेते. परक्या भाषेत तो बुडाला की बुडालाच. त्यामुळे हाच गोंगाट मराठी ऐकताना खपून जातो आणि इंग्रजी ऐकताना मार्क खातो.

म्हणून श्रवण चाचणी दिवसाच्या पहिल्या तासिकेला घ्या, सातच्या सुमारास. तेव्हा कूलरची गरजही नसते. पंधरा मिनिटे कूलर पूर्ण बंद, पंखे एकवर. स्पीकर कपाटावर किंवा खाली जमिनीवर नको. टेबलावर, बसलेल्या मुलांच्या कानाच्या थोडा वर, वर्गाकडे तोंड करून. आदल्या दिवशी चाचणीतला नव्हे असा दुसराच तुकडा वाजवा आणि स्वतः शेवटच्या बाकावर, कूलरच्या बाजूच्या कोपऱ्यात बसून डोळे मिटून लिहून काढा. तुमचाच एखादा शब्द सुटला तर त्या बाकावर मूल बसवू नका. साठ मुले असतील तर तीस-तीसच्या दोन फेऱ्या करा, पहिली फेरी सुटताच दुसरी आत, म्हणजे प्रश्न बाहेर फुटत नाहीत. शेजारच्या वर्गाला त्या वेळी कवायत किंवा समूहगायन नको, हे वेळापत्रकातच लिहून टाका.

दक्षिण कोरियात बारावीनंतरच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा श्रवण भाग सुरू असताना देशभर विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबवतात. जपानने २००६ मध्ये प्रवेश परीक्षेत श्रवण आणले तेव्हा प्रत्येक उमेदवाराच्या हाती छोटे यंत्र आणि कानात इअरफोन दिले. आपल्याला तेवढे करता येत नाही, पण पंधरा मिनिटे कूलर बंद ठेवता येतो.

एक विनंती. एखादे मूल शांत खोलीतही दरवेळी मान एका बाजूला वळवून ऐकत असेल, किंवा मराठीतही "काय?" असे वारंवार विचारत असेल, तर तो इंग्रजीचा प्रश्न समजू नका. पालकांशी बोला आणि मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्यायला सांगा. वाहणारा कान अनेक घरांत "होईल बरा" म्हणून तसाच राहतो.

अपठित उताऱ्यावर माझ्या वर्गाला १० पैकी ८-९ सहज मिळतात. पण उतारा बंद करून "काय होते यात?" असे मराठीत विचारले तर सांगता येत नाही. हे कसे? – शिक्षक, हिंगणा

सर, तुमचे निरीक्षण अचूक आहे. पुढचे वाक्य वाचून पाहा: "द ग्रिंटी झोव्ह प्लाम्ड द स्कॉबल निअर द टेम्पल बिकॉज इट वॉज मर्क." यातल्या पाच शब्दांना अर्थच नाही, ते आम्ही बनवलेले आहेत. आता प्रश्न: "व्हेअर डिड द झोव्ह प्लाम द स्कॉबल?" उत्तर, "निअर द टेम्पल." "व्हाय?" उत्तर, "बिकॉज इट वॉज मर्क." दोन्ही बरोबर, पूर्ण गुण, आणि कळले शून्य. तुमची मुले अगदी हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचे, खाली उतरवायचे. त्यांचा दोष नाही. प्रश्न तसे काढले की ही युक्ती आपोआप येते.

उपाय प्रश्नातच आहे. समजा उताऱ्यात असे आहे: सावनेरचा एक शेतकरी संत्री घेऊन कळमना बाजारात पहाटे चारला पोचला, भाव ऐकला, गाडी न उतरवता परत फिरला. "व्हेन डिड ही रीच द मार्केट?" हा उचलायचा प्रश्न. असा एखादा हरकत नाही, कच्च्या मुलाला सुरुवात मिळते. पण पुढे विचारा, "वॉज ही हॅपी विथ द प्राइस? हाउ डू यू नो?" उताऱ्यात 'हॅपी' शब्दच नाही. गाडी उतरवली नाही यावरून ते कळते. आणखी एक विचारा: चौथ्या ओळीतला 'इट' कशाबद्दल आहे, गाडी, भाव की बाजार? सर्वनामाचा हा प्रश्न दिसायला किरकोळ, पण वाक्यांचा धागा मुलाच्या हाती आहे की नाही ते त्यातून लगेच दिसते. आठ प्रश्नांचा संच करायचा तर एक संपूर्ण उताऱ्याच्या आशयावर, तीन तपशिलाचे पण वेगळ्या शब्दांत, दोन तर्काचे, एक शब्दार्थ संदर्भावरून, एक सर्वनामाचा, अशी वाटणी आम्हाला नववी-दहावीसाठी योग्य वाटते.

तर्काच्या प्रश्नांची उत्तरे मुलांना मराठीत लिहू द्या. इथे तुम्ही वाचन तपासता आहात. इंग्रजीत वाक्य बांधता आले नाही म्हणून त्याला कळलेच नाही असे धरले, तर तो हिशेब चुकीच्या खात्यात पडतो. लेखनाची चाचणी वेगळी घ्याच.

आता उतारा निवडण्याबद्दल. १५० ते २०० शब्द पुरेत. उतारा पक्का करण्याआधी पाच मध्यम मुलांना, दुसऱ्या तुकडीतल्या, तो द्या आणि न येणारे शब्द अधोरेखित करायला सांगा. शंभर शब्दांमागे पाचाहून जास्त शब्द अनोळखी निघाले तर मूल अंदाजही बांधू शकत नाही. दोनाच्या आसपास निघाले तर ते स्वतःच्या बळावर वाचू शकते. पाचाच्या वर गेला तर शब्द बदला किंवा उतारा सोडा. विषय इतका ओळखीचाही नको की न वाचताच उत्तर येईल. दीक्षाभूमीवर उतारा दिला आणि "डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा कोणत्या वर्षी घेतली?" असे विचारले, तर नागपूरचे मूल उतारा न बघता १९५६ लिहिते. हे तपासायची सोपी रीत म्हणजे दहा मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न द्या. ज्याचे उत्तर निम्म्याहून जास्त मुलांचे बरोबर आले तो प्रश्न वाचन तपासत नाही, काढून टाका.

वेळ किती द्यावा हेही अंदाजाने ठरवू नका. १५० शब्दांचा दुसरा एखादा उतारा द्या, वाचून झाले की मान वर करायला सांगा, आणि चारांपैकी तीन मुलांच्या माना वर झाल्या ती वेळ टिपा. तिच्या दुप्पट वेळ वाचनाला, आणि प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट. मागे जाऊन पुन्हा वाचणे हा वाचनाचाच भाग आहे, त्याला वेळ हवा.

तीन पर्याय द्यावेत की चार? – खासगी वर्ग चालवणारे शिक्षक, कामठी

तीन. चौथा पर्याय बहुतेक वेळा भरतीचा असतो, त्यावर कुणी खूण करत नाही. चार चांगले पर्याय शोधण्यात जाणारा वेळ दोन प्रश्न जास्त काढण्यात घाला. श्रवणात तर चार पर्याय वाचणे हेच ओझे होते. फक्त अंदाजाने लागणारे मार्क लक्षात ठेवा: तीन पर्यायांच्या २० प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ६-७ येतात, आणि एखाद्याला ९-१०ही लागून जातात. तेव्हा ७ मार्कांच्या मुलाला "थोडेफार येते" असे म्हणू नका. 'चूक की बरोबर' असा प्रश्न असेल तर 'सांगितलेले नाही' हा तिसरा पर्याय जोडा. आणि बरोबर पर्याय नेहमी सगळ्यांत लांब नाही ना, एवढे बघा. मुले ते लवकर हेरतात.

चाचणी घेतली, ४८ मुले. निकाल वाईट लागला. पेपर कठीण होता की मुले कच्ची, हे कसे ओळखायचे? – शिक्षिका, उमरेड

एका संध्याकाळचे काम आहे, कॅल्क्युलेटरही लागत नाही. उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे वरून खाली लावा. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के वेगळ्या काढा. ४८ मध्ये प्रत्येकी १३ येतात. मधल्या बाजूला ठेवा. आता प्रत्येक प्रश्नासाठी दोनच आकडे मोजा: वरच्या १३ पैकी कितींचे बरोबर, खालच्या १३ पैकी कितींचे.

समजा प्रश्न ४ ला वरचे ११ आणि खालचे ४ बरोबर. बेरीज १५, भागिले २६, म्हणजे ०.५८, हा प्रश्नाचा सोपेपणा. वजाबाकी ७, भागिले १३, म्हणजे ०.५४, हा प्रश्नाचा निवडकपणा, म्हणजे येणारा आणि न येणारा यांत तो किती फरक करतो ते. ०.४० च्या वर असेल तर प्रश्न उत्तम. ०.३० ते ०.३९ चांगला. ०.२० ते ०.२९ दुरुस्तीला घ्यावा. त्याखाली गेला तर बदलावा.

आता प्रश्न ७. वरचे ५, खालचे ६. सोपेपणा ०.४२, वरवर पाहता ठीकच. पण निवडकपणा उणे ०.०८. म्हणजे हुशार मुले जास्त चुकली. असे दिसले की मुलांकडे नाही, प्रश्नाकडे बघा. वरच्या तेरांनी कोणता पर्याय निवडला? सातजणांनी 'ब' निवडला असेल तर एकतर उत्तरसूचीत चूक आहे, नाहीतर 'ब'सुद्धा बरोबर ठरतो. श्रवणात तिसरे कारणही असते: त्या जागी रेकॉर्डिंग अस्पष्ट आहे. तो प्रश्न सगळ्यांना रद्द करा आणि गुण नव्याने मोजा. मुलांसमोर तसे सांगा.

सगळ्यांनी बरोबर सोडवलेला प्रश्न निवडकपणात शून्य येतो, पण तो वाईट नव्हे. पहिला प्रश्न असा असावाच, हात स्थिर होतो. मात्र वीसपैकी बारा प्रश्न असे निघाले तर पेपर सोपा; आणि बारा प्रश्नांत वरचे तेराही चुकले तर पेपर कठीण. तुमच्या शंकेचे उत्तर तिथे मिळेल.

श्रवण चाचणीत स्पेलिंग चुकले तर अर्धा मार्क कापावा का? – दोन शिक्षकांची पत्रे, पारशिवनी आणि मौदा

नाही. 'वेन्झडे' असे लिहिणाऱ्या मुलाने बुधवार ऐकला आहे. शब्द ओळखू येत असेल तर पूर्ण गुण. फक्त चुकीच्या स्पेलिंगमुळे दुसराच शब्द तयार होत असेल, जसे 'थर्टीन' च्या जागी 'थर्टी', तर गुण नाही. दोन्ही शिक्षकांनी तपासणीआधी स्वीकारायच्या रूपांची यादी करावी, म्हणजे दोन तुकड्यांत दोन न्याय होत नाहीत.

मुलाला इंग्रजीत ८० पैकी ६८ आहेत. वाचूनही छान दाखवतो. पण मॉलमध्ये इंग्रजी सूचना झाली तर काही कळत नाही म्हणतो. स्पोकनचा क्लास लावावा का? – पालक, महाल, नागपूर

दादा, आधी बघा की "छान वाचतो" म्हणजे काय. उच्चार करणे आणि अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि त्या वाचणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. वर्तमानपत्रातली चार ओळींची इंग्रजी बातमी द्या, मनात वाचू द्या, मग कागद काढून घ्या आणि मराठीत सांगायला लावा. सांगितली तर वाचन पक्के आहे आणि काम फक्त कानाचे आहे. नाही सांगितली तर स्पोकनचा क्लास आधी नको. रोज एक पान समजून वाचणे आधी. ८० ची लेखी परीक्षा ऐकण्याची चाचणी नाही. दहावीला उरलेल्या २० गुणांचे मूल्यमापन शाळेतच होते, त्यात काय ऐकवले आणि काय विचारले ते वर्गशिक्षकांना जरूर विचारा. आणि मॉलमधली सूचना घुमणारी असते, ती मोठ्यांनाही धड कळत नाही, तेव्हा त्यावरून मुलाला जोखू नका.

मी दहावीत आहे. वाचलेले कळते, पण तेच ऐकले की डोक्यावरून जाते. शब्द तर मला येतात! – विद्यार्थिनी, रामटेक

तुझे म्हणणे खरे आहे, शब्द तुला येतात. तू ते पुस्तकातल्या रूपात ओळखतेस आणि कानावर दुसऱ्याच रूपात पडतात. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना सारखे वजन देतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि बाकीचे चिमुकले शब्द आक्रसतात. "आय कॅन कम" मधले 'कॅन' तू 'कॅन' असे ऐकायला जातेस, तिथे बोलणारा जेमतेम 'क्न' म्हणतो. 'कॅन' असे पूर्ण आणि ठसठशीत ऐकू आले तर पुष्कळदा ते 'कान्ट' किंवा 'कॅन्ट' असते, शेवटचा 'ट' गिळलेला. अर्थ नेमका उलटा! 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत शेवटचा 'न' ऐकायला जाऊ नकोस, जोर बघ. 'थर्टी'त तो नेहमी पहिल्या भागावर, 'थर्टीन' सुटे आले तर दुसऱ्यावर आणि 'टी' लांब.

स्वतःची तपासणी अशी कर. ज्याचा लिखित मजकूर मिळतो असे एखादे रेकॉर्डिंग घे. पाच वाक्ये निवड. प्रत्येक एकदाच ऐकून लिही, मग मजकुराशी ताडून बघ. सुटलेले शब्द दोन रंगांत अधोरेखित कर: 'ऑफ', 'हॅज', 'टु', 'वॉज' असे छोटे शब्द लाल, मोठे शब्द निळे. लाल जास्त आले तर तुला शब्दसाठ्याची नव्हे, आक्रसलेल्या शब्दांच्या सवयीची गरज आहे. मग तेच वाक्य पाच-सहा वेळा ऐक आणि बोलणाऱ्यासोबत त्याच वेगात, त्याच जोराने म्हण. तोंडाला जे जमते ते कान लवकर पकडतो. निळे जास्त आले तर ते शब्द लिहून ठेव, उच्चारासकट.

रोज दहा मिनिटे पुरेत. सुरुवातीला आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या घे. आपल्याकडचा उच्चार आहे, निवेदकाचा आवाज स्वच्छ आहे आणि आदल्या संध्याकाळी मराठीत ऐकलेलीच बातमी असल्याने अर्थाचा आधार मिळतो. बाहेरचे उच्चार नंतर. आणि परीक्षेत एखादा शब्द सुटला तर तिथेच अडकू नकोस. तो गेला. पुढचे वाक्य सुरू झालेले असते, कान तिकडे ने. सुटलेल्या जागेवर पेन्सिलने टिंब दे आणि दुसऱ्यांदा वाजेल तेव्हा फक्त त्या टिंबाकडे बघ.